वस्तराबाईची गाठ

“मावशी, स्पे म्हणजे काय?”

तोफेने प्रश्न असा खणखणीत टाकला की जनावरांच्या दवाखान्याच्या पत्र्यावरचे पारवे उडाले. फाटकाच्या गजांना लटकलेल्या तिच्या दोघी मैत्रिणींनी, चष्मा आणि लंबूने, एकमेकींच्या दंडाला चिमटे काढले. विचारलं! खरंच विचारलं हिने!

आठवडाभर ही पैज चालू होती. दवाखाना शाळेच्या वाटेवरच, आणि त्याच्या भिंतीवर तेलरंगात हातभर अक्षरं: ‘मादी कुत्री : स्पे. दर शनिवारी.’ वर्गातली मुलं ती ओळ मोठ्याने वाचून खिदळायची आणि मग मुलींकडे बघायची. चष्म्याचं म्हणणं, कुत्र्यांना पिसवांचा फवारा मारत असतील. लंबूला अर्थ अंधुक माहीत होता, पण तोंडातून काढायची लाज. “तू विचार. तूच ना तोफ?”

तोफ हे नाव तिला गेल्याच वर्षी पडलं होतं. त्याआधी ती हजेरीलासुद्धा ओठांतल्या ओठांत ‘हजर’ म्हणायची. मग वादविवाद स्पर्धेच्या दिवशी कुणीतरी आजारी पडलं, बाईंनी हिला व्यासपीठावर ढकललं, आणि हिच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो ऐकून सगळ्यांत आधी तीच दचकली. ढाल घेऊन घरी आली. तेव्हापासून बाबा कौतुकाने ‘तोफ’ म्हणायचे आणि तोफ दिसेल त्या विषयावर स्वतःला डागून घ्यायची.

पायरीवर बसलेल्या बाईने मान वर केली नाही. चामड्याच्या पट्ट्यावर ती वस्तरा घासत होती. सटक इकडे, सटक तिकडे. ती दवाखान्यातली ड्रेसर. ऑपरेशनआधी जनावरांची पोटं भादरायची, पाय धरायचे, हत्यारं उकळायची, रक्त पुसायचं, हे तिने एकतीस वर्षं केलं होतं. अख्खी गल्ली तिला वस्तराबाई म्हणायची, तोंडावर मावशी.

“पैज लावलीय का गं?”

“हो,” तोफ म्हणाली. खोटं बोलायला सुचलंच नाही.

“काय मिळणार?”

“लंबूचा डबा. आठवडाभर.”

“मग डब्याच्या मानाने नीट ऐक. कुत्रीला भूल द्यायची, पोट उघडायचं, बीजकोश बांधायचे, कापायचे, पिशवी काढायची, पोट शिवायचं. पुन्हा पिल्लं होत नाहीत. झालं. यात खुसुखुसु हसण्यासारखं काय आहे ते मला एकतीस वर्षांत सापडलं नाही. तुम्हाला सापडलं तर सांगा.”

चष्मा गजांवरून गुपचूप खाली उतरली. पण तोफ कसली गप्प बसते.

“आणि शब्द कुठून आला?”

पट्ट्यावरचा वस्तरा थांबला. हे तिला आजवर कुणी विचारलं नसावं.

“तलवारीतून,” वस्तराबाई म्हणाली. “आधीचे डॉक्टर होते ना, थोरले, त्यांना पुस्तकांचा भारी नाद. टाके घालता घालता सांगायचे. फ्रेंचांचा तलवारीला जुना शब्द आहे, त्यातून हा निघालाय. स्पे करणं म्हणजे तलवारीने कापणं. जखमी हरणाला शिकारी तलवार खुपसून संपवायचे, त्यालाही हाच शब्द होता म्हणे. मग तोच डुकरिणींना लागला, कुत्र्यांना लागला. दोघांनी पाय धरायचे, तिसऱ्याने पातं चालवायचं. भूल कुठली तेव्हा? जगली तर जगली.”

“आई गं,” लंबू म्हणाली.

“आणि आपल्यात काय म्हणतात?” तोफेने विचारलं.

“नराला ढीगभर. खच्ची करणं, बडवणं, ठेचणं. मादीसाठी एक धड शब्द नाही. ‘पिशवी काढली’ म्हणतात, जशी काही ती बाजारातून घेऊन आली होती.” तिने नखावर धार तपासली. “मी मात्र तलवारीच्या अलीकडेच राहिले. वस्तरा मारायचा, वरची कातडी शिवायची. पोटाच्या आत हात घालायची मला परवानगी नाही. डॉक्टर नाही ना मी.”

हे तिने असं सांगितलं, जसं कुणी आज वारं पडलंय म्हणून सांगावं.

“आमच्या भुरीचं करायचंय,” तोफ म्हणाली. “वखारीतली आमची. बाबांना ठणकावून सांगितलंय मी.”

“नंबर लावलाय का? दोन महिन्यांची रांग आहे. बापाला म्हणावं, ठणकावलेलं पुरत नाही, चिठ्ठी लागते.”

तिघी हसत सुटल्या. वळणावर मैत्रिणी आपापल्या गल्लीत गेल्या आणि तोफ लंबूचा डबा दप्तरात कोंबून घरी निघाली. स्वारी भलतीच खुशीत होती.

ठणकावण्याची गोष्ट महिन्यापूर्वीची. बाबांची लाकडाची वखार होती आणि घर वखारीच्या पाठीमागे. भुरी तिथली राखणदार. दर खेपेला तिला पिल्लं व्हायची आणि दर खेपेला ती पिल्लं नाहीशी व्हायची. ‘लोकांना दिली,’ आई सांगायची, आणि तोफ ते खरं मानत आली होती. या खेपेला तोफ पाणी भरायला टाकीवर गेली, तर टाकीत एक पोतं. तोंड सुतळीने आवळलेलं. आत काहीतरी अजून हलत होतं. ती सुतळी दातांनी तोडेपर्यंत तेही थांबलं. चार होती. पाचवं पिल्लू फळ्यांच्या थप्पीखाली दडून वाचलं होतं. त्याला छातीशी धरून तिने वखारीच्या मधोमध उभं राहून बाबांना असं फैलावर घेतलं की गिऱ्हाइकं फळ्या मोजायची थांबली. “मारता कशाला? ऑपरेशन करा तिचं! एकदाच करा आणि संपवा!”

बाबा मान खाली घालून म्हणाले होते, “बरं. करू.” वाचलेल्या पिल्लाचं नाव तिने ढलपी ठेवलं. लाकडाच्या ढलपीएवढीच होती ती.

वखारीशी पोचली तेव्हा करवतीचा आवाज बंद होता. शनिवारी भरदुपारी करवत बंद, म्हणजे काहीतरी बिघडलंय. ती थप्पीला वळसा घालून आत गेली.

फळ्यांवर भुरी उताणी होती. तोंड सुंभाने आवळलेलं. पुढचे पाय करवतीवरच्या कामगाराच्या हातांत, मागचे पाय बाबांच्या. आणि मध्ये गुडघ्यांवर बसलेला एक माणूस, जो गावोगाव फिरून डुकरं खच्ची करायचा. त्याची दोन बोटं भुरीच्या पोटात होती. बांधलेल्या तोंडातून आवाज येत नव्हता. तो नाकातून येत होता, शिट्टीसारखा बारीक, आणि तिचं सगळं अंग त्या आवाजाबरोबर ताणलं जात होतं. माणसाने आतून काहीतरी ओढून बाहेर काढलं, चाकू एकदा फिरवला, काढलेलं फळीवर टाकलं. पुन्हा बोटं आत. पुन्हा ओढलं. या वेळी ते सहज येईना, तेव्हा त्याने पिळा देऊन हिसकलं. भुरीचं डोकं फळीवर धाडकन आपटलं. बाबांनी पाय आणखी घट्ट धरले. त्यांच्या मनगटाच्या शिरा तोफेला तिथून दिसल्या.

तिच्या तोंडातून शब्द फुटला नाही. ढाल जिंकलेल्या तोंडातून.

बाबांनी मूठ भरून बारीक भुसा उचलला आणि जखमेवर दाबला. मग दुसरी मूठ, आत, कडेपर्यंत. भुसा हे त्यांचं औषध. त्यांच्या डाव्या हाताचं मधलं बोट करवतीने निम्मं नेलं होतं. तेव्हा त्यांनी असाच भुसा दाबला, रक्त थांबलं, बोट पिकलंही नाही. त्या दिवसापासून वखारीत कुणाला काहीही लागलं की भुसा.

चाकूवाला नळावर हात धुऊन निघून गेला. बाबांनी वर पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा घामेजलेला होता, आणि तोफेला जन्मभर विसरता येणार नाही असं त्यावर हसू होतं.

“आलीस? घे, केलं बघ तुझं काम. तूच म्हणालीस ना, ऑपरेशन करा? दवाखान्यात दोन-दोन महिने कोण थांबणार? डुकरिणीचं करतो तो, कुत्रीचं काय मोठं.”

“बाबा, ती जागी होती.”

“अगं, किती वेळ? पाढा म्हणेपर्यंत झालं. आणि बघ, रक्ताचा एक थेंब नाही.”

खरंच नव्हता. भुसा कोरडा होता. सुंभ सोडलं तशी भुरी उठली, दोन पावलं चालली आणि थप्पीखाली जाऊन आडवी झाली. तोफ तिच्याजवळ रांगत गेली. भुरीने तिचा हात चाटला. जीभ गार होती. ओठ उलटून पाहिला तर आतल्या हिरड्या वहीच्या कोऱ्या पानासारख्या. आणि पोट, जे मघाशी खपाटीला होतं, ते हळूहळू भरत चाललं होतं.

“आई!” ती ओरडली. “हातगाडी दे!”

आई दारात उभी होती. ढलपी तिच्या पायाशी कुईकुई करत होती. “अगं, पडू दे तिला. उद्या उठेल,” आई म्हणाली, पण म्हणताना तिने पदर तोंडाला लावला होता.

तोफेने फळ्यांची हातगाडी स्वतःच ओढून आणली. बाबा “अगं, ऐक,” म्हणेपर्यंत ती फाटकाबाहेर होती.

वस्तराबाई आवराआवर करत होती. डॉक्टर तासापूर्वीच अडलेल्या गाईसाठी गेले होते. तिने हातगाडीत एकदा पाहिलं, भुरीला उचलून टेबलावर घेतलं. हिरडी दाबली. पोटावर टिचकी मारली. मग जखमेत बोट घातलं आणि बोटाला चिकटलेलं उजेडात धरलं.

“हे काय कोंबलंय?”

“भुसा. बाबांनी. रक्त थांबायला.”

“थांबलं की. वरून.” तिने बोट पुसलं. “आतून चालूच आहे. बूच मारलंय तुझ्या बापाने.”

तिने फोन लावून टेबलावर ठेवला. पलीकडून गाईचं हंबरणं आणि डॉक्टरांचं ओरडणं एकदमच आलं. “मावशी, मी गाईच्या पोटात कोपरापर्यंत आहे! काय ते पटकन!”

तिने पटकन सांगितलं.

“सलाईन लावा. भुलीचं निम्मं इंजेक्शन द्या आणि पोट दाबून धरा. मला तास लागेल. मावशी, पोट उघडायचं नाही. ऐकताय ना? तुम्ही उघडलंत तर वरच्या साहेबांपुढे मी तुम्हाला वाचवू शकणार नाही.”

“ऐकलं, डॉक्टर.”

सलाईन लागलं. इंजेक्शन दिलं. भुरीचे डोळे मिटत आले आणि अंगातला ताण पहिल्यांदाच सैल झाला. वस्तराबाईने दोन्ही तळव्यांनी पोट दाबून धरलं. भिंतीवरच्या घड्याळात पाच मिनिटं सरली. तिने पुन्हा हिरडी पाहिली.

“तास नाहीये हिच्याजवळ,” ती स्वतःशी म्हणाली. मग तोफेकडे वळली. “माझी नोकरी चार वर्षं उरलीय. उद्या तुला कुणी विचारलं, काय बघितलंस, तर काय सांगशील?”

“तुम्ही म्हणाल ते.”

“जे बघशील ते. तुला खोटं येत नाही, मघाशीच कळलं. हात धू. कोपरापर्यंत. तीनदा.”

तिने स्वतःही धुतले, डॉक्टर धुतात तसे, नखांत ब्रश घालून. वस्तरा चार फटक्यांत फिरला. एवढी वर्षं फिरत होता तसाच. मग तिने तो बाजूला ठेवला आणि ट्रेमधलं दुसरं पातं उचललं, जे ती रोज उकळायची, पुसायची, दुसऱ्याच्या हातात द्यायची.

“बॅटरी धर. बघवलं नाही तर बघू नको.”

“बघणार.”

कातडी उघडली आणि कोंडलेलं रक्त एकदम टेबलावर, तोफेच्या गणवेशावर, फरशीवर. त्यात भुशाचा लगदा तरंगत होता. वस्तराबाईचा हात त्यात मनगटापर्यंत गेला. ती बघत नव्हती, बोटांनी वाचत होती. “एकीकडे कापलंय. बांधलेलं नाही, पण शीर आखडलीय. दुसरीकडे तोडलंय. मेल्याने हिसकून तोडलंय. कुठे गेलीस गं? ये. ये वर.” बोटांच्या चिमटीत काहीतरी आलं. “चाप. तो वाकडा. दे.” खट. “दुसरा.” खट. “दोरा.”

तिची बोटं सुजलेली, औषधांनी भेगाळलेली. पण दोरा त्यांतून असा गेला की तोफेला दिसलाच नाही. एक वेढा, दुसरा वेढा, गाठ. वर उलटी गाठ. मग पहिल्या बाजूलाही तेच. चाप सोडले. आत काहीच भरून आलं नाही.

“थांबलं!” तोफ किंचाळली. “मावशी, थांबलं!”

“थांबलं.”

पण वस्तराबाई गाठीकडे बघत नव्हती, भुरीच्या छातीकडे बघत होती. छाती एकदा वर आली. खाली गेली. बराच वेळ काही नाही. पुन्हा एकदा, अर्धीच. मग नाही. वस्तराबाईने फासळ्यांवर हात ठेवून दाबायला सुरुवात केली, जोरजोरात, टेबल करकरायला लागलं. सलाईनची बाटली हलत होती. ती दाबत राहिली, कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावरून टपकेपर्यंत. मग हात थांबले.

“रक्त थांबलं होतं ना?” तोफेने विचारलं.

“थांबलं होतं, पोरी. आत उरलंच नव्हतं काही.”

तोफेने बॅटरी अजून तशीच धरली होती. वस्तराबाईने ती बंद केली नाही. उलट, हाताने जरा खाली आणली, आणि चिमट्याने पोटातला भुसा वेचायला लागली. एकेक कण. वेचून झाल्यावर सुई उचलली.

“मेलीय ना ती?”

“हो.”

“मग शिवताय कशाला?”

“उघडी पाठवत नाही मी कुणाला. कात्री घे. मी म्हणेन तिथे दोरा काप.”

तीन टाके राहिले असताना डॉक्टर आले. तरुण होते, शेणाने माखलेले, धापा टाकत. दारातून टेबलापर्यंत येईस्तोवर त्यांचा चेहरा तीनदा बदलला. “मावशी, मी काय सांगितलं होतं?” एवढंच ते म्हणाले. मग हात धुतले, उरलेल्या फटीतून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“गाठ बरोबर आहे,” ते म्हणाले. “दोन्हीकडची. मीही हेच केलं असतं. उशीर झाला होता.”

कपाटावरून त्यांनी रजिस्टर काढलं. ‘शस्त्रक्रिया करणार’ या रकान्यात पहिल्या पानापासून डॉक्टरांच्याच सह्या होत्या, थोरल्यांच्या आणि त्यांच्या. त्यांनी खिशातलं पेन काढलं. “मी वेळेवर पोचलो होतो, असं लिहितो. गायवाला काही बोलणार नाही.”

वस्तराबाईने पदराला हात पुसले आणि त्यांच्या हातातून पेन घेतलं. “गाठ माझी आहे, डॉक्टर.” आणि त्या रकान्यात सावकाश, एकेक अक्षर सुटं ठेवून, तिने सही केली.

“सोमवारी साहेबांकडे कळवावं लागेल.”

“कळवा. उद्याचा रविवार तर माझा आहे.”

हातगाडी परत आली तेव्हा उन्हं उतरली होती. करवत अजून बंदच होती. बाबा ओंडक्यावर बसले होते, मघाचेच कपडे, मघाचेच हात. आई दाराच्या चौकटीत, कडेवर ढलपी. बाबांनी गाडीत पाहिलं. भादरलेलं स्वच्छ पोट आणि त्यावर सारख्या अंतरावरचे अकरा टाके. भुशाचा कण नव्हता.

“अगं, मला काय माहीत…” बाबा ओंडक्यावरून अर्धवट उठले. “तुझ्यासाठीच केलं गं.”

“माहीतेय, बाबा.”

आई पुढे झाली. “आधी तो गणवेश काढ, बाळा. काहीतरी पोटात घाल. मग बोलू.”

“आत्ताच सांगते.” तोफेने आईच्या कडेवरून ढलपीला घेतलं. तिचा आवाज चढला नाही. इतक्या हळू ती वर्षभरात बोलली नव्हती, आणि दोघांनाही तो नीट ऐकू येत होता. “भुशाने फक्त वरचं रक्त थांबलं होतं. आत चालूच राहिलं. मावशीने तिला वाचवायला पोट उघडलं, तिला परवानगी नसताना. सोमवारी साहेब तिला जाब विचारतील. मी शाळेत जाणार नाही, तिथे जाणार. जे बघितलं ते सांगणार. चाकू कुणी चालवला, भुसा कुणी भरला, पाय कुणी धरले. सगळं.”

बाबांनी मान हलवली. अर्ध्या बोटावर वाळलेलं रक्त ते अंगठ्याने खरवडत होते.

“आणि ढलपी मोठी झाली की तिचा नंबर मी लावणार. दवाखान्यात. तेव्हा तुम्ही यायचं, बाबा. पाय तुम्हीच धरायचे. भूल दिल्यावर ते हलत नाहीत.”